पीएच.डी.चे संशोधन बांधीपर्यंत : विद्यार्थ्याने कसे सांगावे, शेतकऱ्याने कसे पारखावे

धानाची रोवणी आटोपली की चंद्रपूर-गडचिरोली भागातील काही बांध्यांत लहान लहान पाट्या लागलेल्या दिसतात. पाटीवर एखादे अक्षर व आकडा एवढेच लिहिलेले असते. संशोधन करणारा विद्यार्थी ठरलेल्या दिवशी येतो, फुटवे मोजतो, चार पाने खुडून पिशवीत घालतो, वहीत नोंद करतो व निघून जातो. शेतकरी त्याला पाणी देतो, बसायला खाट देतो, आपला अनुभवही सांगतो. दोन हंगाम झाले की पाट्या निघतात आणि विद्यार्थीही दिसेनासा होतो. पुढे त्याला पीएच.डी. मिळते. परंतु "त्या पोराला आमच्या बांधीत काय सापडले?" हा शेतकऱ्याचा प्रश्न तसाच राहून जातो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ज्या शेतात, ज्या जंगलात आणि ज्यांच्या अनुभवावर संशोधन झाले त्यांना त्याचा निष्कर्ष कळलाच पाहिजे. तो त्यांच्या भाषेत व वेळेवर कळला पाहिजे. मात्र अर्धवट ऐकलेला निष्कर्ष न ऐकलेल्या निष्कर्षापेक्षा जास्त नुकसान करतो. "विद्यापीठाला सापडले आहे" असे ऐकून एखाद्याने पूर्ण बांधीत नवीन औषध मारले आणि ते उगाच गेले, तर तोटा शेतकऱ्याचाच होतो. म्हणून हे संशोधन काय असते, ते कसे ऐकावे व कसे पारखावे याची माहिती या लेखात दिली आहे.

पीएच.डी. म्हणजे नेमके काय?

पदव्युत्तर शिक्षणानंतर विद्यार्थी एका मार्गदर्शक शास्त्रज्ञाच्या हाताखाली किमान तीन वर्षे एकाच प्रश्नाचा अभ्यास करतो. प्रश्न लहान असला तरी चालतो, पण त्याचे उत्तर आधी कोणी दिलेले नसावे. प्रयोग, नोंदी व निष्कर्ष तो प्रबंधात लिहितो. बाहेरचे परीक्षक प्रबंध तपासतात व शेवटी तोंडी परीक्षा होते.

आपल्या भागासाठी कृषी संशोधनाचे काम डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला हे १९६९ पासून करीत आहे. धानाच्या संशोधनासाठी सिंदेवाही येथे विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे. त्याशिवाय २०११ मध्ये चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. तेथेही विविध विषयांत पीएच.डी. करता येते.

अडचण अशी की प्रबंध बहुधा इंग्रजीत असतो आणि तो मार्गदर्शक व परीक्षक यांच्यासाठी लिहिलेला असतो. चार-पाच जाणकारांना समजावून देण्याची सवय विद्यार्थ्याला होते, पण चारशे शेतकऱ्यांपुढे तेच सांगायचे म्हटले की त्याची जीभ अडखळते.

सामान्य माणसाला सांगण्याचे प्रयत्न

ही अडचण केवळ आपल्याकडचीच नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये 'तीन मिनिटांत प्रबंध' ही स्पर्धा सुरू केली. तिच्यामागची हकिकत शेतकऱ्याला पटेल अशी आहे. त्या वेळी तेथे मोठा दुष्काळ होता. आंघोळ तीन मिनिटांत उरकावी म्हणून लोक न्हाणीघरात वाळूचे घड्याळ लावीत. ते पाहून विद्यापीठातील एका अधिकाऱ्याला वाटले की आंघोळ तीन मिनिटांत होते, तर प्रबंधाचे सारही तीन मिनिटांत सांगता आले पाहिजे. विद्यार्थ्याने एकच चित्र दाखवायचे आणि त्या विषयाची माहिती नसलेल्या श्रोत्याला समजेल असे बोलायचे, हा नियम झाला. आज अनेक देशांतील शेकडो विद्यापीठांत ही स्पर्धा होते.

आपल्या राज्यात २००६ पासून 'आविष्कार' हा विद्यापीठांचा संशोधन महोत्सव सुरू झाला. त्यात कृषी व पशुसंवर्धन हा स्वतंत्र गट आहे. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी, आपले संशोधन सामान्य वाचकाला कळेल अशा लेखात मांडण्याची स्पर्धा सुरू केली. तिचे पहिले बक्षीस एक लाख रुपयांचे ठेवले होते.

हे प्रयत्न चांगलेच आहेत. मात्र या ठिकाणी श्रोते व परीक्षक बहुधा शिकलेलेच असतात. खरी परीक्षा धुऱ्यावर होते. तेथे ऐकणाऱ्याला बक्षीस द्यायचे नसते, त्याला पुढच्या हंगामात काय करायचे ते ठरवायचे असते.

एक उदाहरण : गादमाशी

समजा, एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचे नाव असे आहे : 'पूर्व विदर्भातील धानावरील गादमाशीचा हंगामनिहाय प्रादुर्भाव व तिच्या परोपजीवी कीटकांचे प्रमाण'. हे नाव वाचून दाखविले तर सभेतील निम्मे लोक तंबाखू मळायला लागतील. तीच गोष्ट बांधीत उभे राहून अशी सांगता येईल.

"काका, हा पोंगा पाहा. कांद्याच्या पातीसारखा पोकळ आणि चंदेरी झाला आहे. याला आता लोंबी येणार नाही. डासासारखी दिसणारी बारीक माशी अंडी घालते. अळी फुटव्याच्या आतल्या कोंबाशी जाऊन बसते आणि कोंबाची अशी नळी होते. आता हा पोंगा आपण चिरू. आत अळी किंवा कोष धडधाकट दिसला तर माशी वाढते आहे. पण अळी मरून तिच्या अंगात बारीक बारीक कोष भरलेले दिसले, तर ते आपल्या मित्राचे काम आहे. प्लॅटीगॅस्टर ओरायझी नावाचा अगदी लहान कीटक गादमाशीच्या अळीवर जगतो. असे पोंगे उपटून जाळले तर शत्रूबरोबर मित्रही जळेल. मी दोन हंगाम हेच मोजले, की कोणत्या महिन्यात शत्रू किती आणि मित्र किती."

एवढे सांगितले की शेतकऱ्याच्या हाती तीन गोष्टी येतात. पहिली, पोंगा चिरून पाहण्याची रीत. दुसरी, सरसकट फवारणी करण्यापूर्वी मोजणी करण्याची सवय. बांधीतील २० चुडांचे फुटवे मोजावेत. समजा एकूण फुटवे २०० भरले आणि त्यांत १० चंदेरी पोंगे निघाले, तर प्रादुर्भाव ५ टक्के झाला. फुटवे येण्याच्या काळात ५ टक्के ही नुकसानीची पातळी मानली जाते. तिसरी गोष्ट वेळेची. गादमाशी फुटव्यांच्या अवस्थेत नुकसान करते. लोंब्या बाहेर पडल्यावर तिच्यासाठी केलेला खर्च वाया जातो. रोवणी उशिरा झालेल्या धानात ही कीड जास्त आढळते, हेही लक्षात ठेवावे. परोपजीवीग्रस्त पोंगे रोवणीनंतर १० दिवसांनी दर १० चौरस मीटरला एक या प्रमाणात बांधीत लावावेत, अशीही शिफारस आहे.

येथे विद्यार्थ्याने शास्त्र सोडले नाही, त्याने शास्त्राची भाषा बदलली. शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसेल अशी वस्तू त्याने हातात दिली आणि तिच्यावरून निष्कर्ष सांगितला.

प्रयोगाचे चार शब्द समजून घ्या

विद्यार्थी कितीही सोपे बोलला तरी चार शब्द त्याच्या बोलण्यात येणारच. ते माहीत असले म्हणजे निष्कर्ष पारखता येतो.

१) तुलनेचा प्लॉट : ज्या प्लॉटमध्ये नवीन उपाय केलेला नसतो तो तुलनेचा प्लॉट. तो नसेल तर पीक उपायामुळे चांगले आले की पावसामुळे, हे सांगता येत नाही.

२) पुनरावृत्ती : वरच्या बांधीत पाणी टिकत नाही, खालच्या बांधीत गाळ व पाणी दोन्ही राहतात, हे आपल्याला ठाऊक आहे. नवीन वाण फक्त खालच्या बांधीत लावला आणि जुना वरच्या बांधीत, तर जिंकणार कोण हे आधीच ठरले. म्हणून प्रत्येक उपाय तीन-चार ठिकाणी, वर व खाली, पुन्हा पुन्हा केला जातो.

३) चिठ्ठ्या टाकून वाटप : कोणता उपाय कोणत्या प्लॉटमध्ये करायचा हे विद्यार्थी आपल्या मर्जीने ठरवीत नाही, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवितो. त्यामुळे चांगली जागा आवडत्या उपायाला मिळत नाही.

४) क्रांतिक फरक : हा शब्द अवघड असला तरी कामाचा आहे. एकाच वाणाच्या शेजारी शेजारी असलेल्या दोन बांध्यांतही थोडा फरक पडतोच. तेवढा फरक उपायाचा मानता येत नाही. समजा, नेहमीच्या पद्धतीने हेक्टरी ३० क्विंटल व नवीन पद्धतीने ३२ क्विंटल धान झाले आणि क्रांतिक फरक ३ क्विंटल आहे. येथे २ क्विंटलचा फरक ३ पेक्षा कमी आहे. म्हणजे नवीन पद्धत सरस ठरली असे म्हणता येत नाही. नवीन पद्धतीने ३५ क्विंटल झाले असते तर फरक ५ क्विंटल झाला असता आणि तो खरा मानला असता.

फरक खरा असला तरी तो परवडतो की नाही हा हिशोब वेगळा असतो. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. हेक्टरी ५ क्विंटल वाढ म्हणजे एकरी २ क्विंटल. त्या २ क्विंटलची त्या वर्षीच्या भावाने किंमत काढावी आणि त्यातून वाढीव मजुरी, खत व औषध यांचा खर्च वजा करावा. उरेल तो फायदा. विद्यार्थ्याने हेक्टर व क्विंटलमध्ये सांगितले तर एकर व पोत्यांत पुन्हा सांगायला लावावे आणि पोते किती किलोचे धरले तेही विचारावे.

प्रबंधाचा निष्कर्ष म्हणजे शिफारस नव्हे

येथे पुष्कळांची चूक होते. एका विद्यार्थ्याचा प्रयोग बहुधा एक-दोन ठिकाणी व दोन हंगाम झालेला असतो. नागभीडच्या तलावाखालच्या बांधीत जे घडले ते धानोऱ्याच्या टेकडीखालच्या जमिनीत घडेलच असे नाही. म्हणून चांगल्या निष्कर्षाची संशोधन केंद्रांवर व शेतकऱ्यांच्या शेतांवर पुन्हा चाचणी घेतली जाते. त्यानंतर राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीपुढे तो ठेवला जातो. तेथे मान्य झाला तरच त्याची शिफारस होते व पुढे ती कृषी संवादिनीत छापून येते.

तेव्हा विद्यार्थ्याने "असे दिसून आले" म्हटले तर ते माहिती म्हणून ऐकावे. "अशी शिफारस आहे" म्हटले तर ती कोणत्या वर्षाची व कोणत्या विभागासाठी आहे हे विचारावे. नवीन गोष्ट करून पाहायचीच असेल तर एका लहान बांधीत करावी आणि शेजारची बांधी तुलनेसाठी नेहमीच्या पद्धतीने ठेवावी.

सांगणे एकतर्फी नसावे

संशोधन विद्यापीठातच होते असा समज आपल्याच जिल्ह्याने खोटा ठरविला आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड येथील दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण प्राथमिक शाळेतच थांबले होते. १९८३ मध्ये पटेल-३ या धानात त्यांना वेगळ्या, पिवळसर दाण्याच्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते बी जपले, पुढच्या वर्षी वेगळे पेरले आणि वर्षानुवर्षे निवड करीत नेले. त्यातून तयार झालेले बारीक धान त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळाच्या नावावरून एचएमटी म्हणून दूरवर पोहोचले. विद्यापीठाने १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसारित केला आणि मूळ श्रेय कोणाचे यावरून पुढे वादही झाला. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाच्या वतीने राष्ट्रपतींच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

यातून दोघांनीही बोध घ्यावा. विद्यार्थ्याने शेतकऱ्याचे निरीक्षण, बियाणे किंवा माहिती घेतली तर प्रबंधात त्याचा स्पष्ट उल्लेख करावा. शेतकऱ्यानेही आपले बियाणे कोणाला, कधी, किती व कशासाठी दिले याची लेखी नोंद ठेवावी. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपला वाण नोंदविता येतो. जंगलातील वनस्पती व त्यांचे उपयोग यांची माहिती असल्यास ती गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत आधी लिहून ठेवणे हिताचे असते.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने याबाबत चांगला पायंडा पाडला आहे. तेथे गावकऱ्यांचे अभ्यास गट बसतात, बाहेरच्या जाणकारांशी चर्चा करतात आणि विषय समजून घेऊन मगच ग्रामसभा सर्वांच्या सहमतीने निर्णय घेते. या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक वनहक्क मिळाला. जंगलाचा अभ्यास गावाने स्वतः केलेला असल्यामुळे हा हक्क चालविणे गावाला सोपे गेले.

आरोग्याच्या क्षेत्रातही असेच उदाहरण आहे. गडचिरोलीतील 'सर्च' या संस्थेच्या डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी वसा व अमिर्झा या दोन गावांतील स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास केला. तो १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचे त्यात आढळले. परंतु काम तेवढ्यावर थांबले नाही. हे निष्कर्ष गावोगावच्या स्त्रियांपुढे मांडले गेले. ज्या दुखण्याबद्दल बोलायची लाज वाटत होती त्यावर बाया उघड बोलू लागल्या.

सभा केव्हा व कशी घ्यावी?

चांगले संशोधन चुकीच्या वेळी सांगितले तर ते कोणी ऐकत नाही. आपल्या भागाचे वेळापत्रक विद्यार्थ्याने व गावाने मिळून पाहावे.

१) जुलै-ऑगस्टमध्ये पऱ्हे काढणे व रोवणी असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले व मे महिन्यात तेंदूपाने असतात. या काळात सभा ठेवू नये.

२) किडी-रोगांचा विषय असल्यास पीक उभे असताना, सप्टेंबरमध्ये, बांधीतच सांगावे. उत्पन्न व खर्चाचा विषय असल्यास चुरणे आटोपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत सांगावे.

३) वन्य प्राण्यांचा विषय लांबणीवर टाकू नये. ताडोबा व ब्रह्मपुरी भागात वाघांना रेडिओ कॉलर लावून अभ्यास झाले आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडकडून गडचिरोलीत रानटी हत्तींचा कळप आला व त्याने धानाचे नुकसान केले. वाघ कोणत्या वेळी कोठून ये-जा करतो, हत्ती कोणत्या वाटेने येतात, हे मोहफुले वेचायला व जागलीला जाणाऱ्याला वेळेवर कळले पाहिजे. प्रबंध पूर्ण होण्याची वाट पाहिली तर तोपर्यंत एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

४) भामरागड-एटापल्लीकडे माडिया-गोंडी, सिरोंचाकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या काही गावांत बंगाली बोलली जाते. तेथे गावातील शिकलेल्या तरुण-तरुणीला आदल्या दिवशी विषय समजावून द्यावा व त्याच्याकडून सांगवावे.

५) रोवणी, निंदण व कापणी बाया करतात. त्यांना सोयीची वेळ ठेवावी व त्यांना पुढे बसवावे. रोवणीच्या अंतराचा प्रयोग असेल तर पहिला प्रश्न त्यांचाच असतो, की यात कंबर किती वेळ वाकवावी लागेल.

६) बोलणे पंधरा मिनिटांत संपवावे व प्रश्नांना तासभर द्यावा. लोकांना ऐकण्याचा धीर नसतो, हे म्हणणे खरे नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत झाडीपट्टीचे नाटक आपली माणसे रात्रभर बसून पाहतात. गोष्ट आपली असली म्हणजे झोप येत नाही.

विद्यार्थ्याला विचारावयाचे प्रश्न

खालील प्रश्न कागदावर उतरवून ठेवावेत.

१) तुम्ही कोणता प्रश्न सोडवायला निघाला होता?
२) प्रयोग कोठे, कोणत्या जमिनीत व किती हंगाम केला? त्या वर्षी पाऊस कसा होता?
३) तुलनेला काय ठेवले होते? किती पुनरावृत्ती होत्या?
४) फरक किती पडला? तो क्रांतिक फरकापेक्षा जास्त आहे का?
५) एकरी खर्च किती वाढतो व मजूर किती लागतात?
६) काय जमले नाही? कोणता उपाय फसला?
७) याची शिफारस झाली आहे की अजून व्हायची आहे?
८) आमच्या गावाचे नाव व आमची माहिती प्रबंधात कशी नोंदविली?

सहावा प्रश्न आवर्जून विचारावा. फसलेला उपाय कळला तर शेतकऱ्याचे पैसे वाचतात. विद्यार्थ्यालाही तो सांगण्यात कमीपणा वाटू नये.

सभा संपल्यावर विद्यार्थ्याकडून मराठीत दोन पानांचा सारांश लिहून घ्यावा व तो ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात ठेवावा. शेतात प्रयोगासाठी जागा देतानाच ही अट घालावी, म्हणजे नंतर मागावे लागत नाही. अनेक कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश' व इतर अनेक विद्यापीठांचे 'शोधगंगा' या संगणकीय संग्रहांत ठेवलेले आहेत. गावातील शिकणाऱ्या मुलांच्या मदतीने ते पाहता येतात. एखाद्या निष्कर्षाबाबत शंका असल्यास सिंदेवाही किंवा सोनापूर (गडचिरोली) येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारणा करावी.

तेव्हा येत्या हंगामात आपल्या बांधीत पाटी लावायला विद्यार्थी आला तर त्याला जागा अवश्य द्यावी. त्याच दिवशी निष्कर्ष सांगायला परत येण्याचा महिना त्याच्याकडून ठरवून घ्यावा व त्याच्या वहीत लिहून घ्यावा.